पेला आणि पत्रावळ : आदिलाबादच्या दारूविक्रीचा इतिहास

दारू जिथे विकली जाते तिथे जेवण मिळावे की नुसती दारू, या प्रश्नाला आदिलाबाद जिल्ह्यात कायद्याने एकाच वेळी दोन उत्तरे दिली आहेत. ‘बार अँड रेस्टॉरंट’ अशी पाटी असलेल्या जागेच्या परवान्यामागे उपाहारगृह गृहीत धरलेले असते. स्वयंपाकघर, टेबल-खुर्च्या, वाढपी आणि खाद्यपदार्थांची यादी हा सारा त्याचाच भाग. त्याच रस्त्यावरच्या ‘वाइन शॉप’ला जोडून जी परमिट रूम असते, ती मात्र खानावळ नव्हे. तिथे दुकानातून घेतलेली बाटली उघडून प्यायची सोय असते, जेवणाची नसते. पहिल्या जागी बसणारा बहुधा व्यापारी, कंत्राटदार किंवा नोकरदार असतो. दुसऱ्या जागी हमाल, ट्रकचालक आणि कापूस विकून गावी परतणारा शेतकरी. ही विभागणी पिणाऱ्यांनी केलेली नाही. ती गेल्या सव्वाशे वर्षांत महसुलाने, बंदीने आणि परवान्यांनी घडवलेली आहे.

आदिलाबाद हा तेलंगणाचा उत्तरेकडचा शेवटचा जिल्हा. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो, पश्चिमेला नांदेडचा किनवट तालुका आहे. निजामाच्या राज्यात हा मुलूख आधी सिरपूर-तांडूर या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये आदिलाबाद हा पूर्ण जिल्हा झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्याचे राजुरा आणि किनवट हे तालुके मराठी मुलखात गेले, तरी बेला, जैनथ, तामसी या भागांत आणि खुद्द आदिलाबाद शहरात मराठी घरादारात राहिली. २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, कुमुरम भीम आसिफाबाद, मंचेरियल आणि निर्मल असे चार जिल्हे झाले. गोंड, कोलाम, परधान, आंध हे इथले जुने रहिवासी. तेलुगू, मराठी, उर्दू आणि लंबाडी बोलणारे लोक वेगवेगळ्या काळात येऊन स्थिरावले. दारूच्या बाबतीतही या जिल्ह्यात दोन परंपरा शेजारी शेजारी नांदल्या: डोंगरातली मोहाची आणि मैदानातली ताडीची.

मोहाचे फूल हे मुळात अन्न आहे, दारू नंतर. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेली फुले बायका-मुले वेचतात, उन्हात वाळवतात आणि कणगीत भरून ठेवतात. वाळलेल्या फुलात साखर भरपूर असते. घरातली ज्वारी संपत आली की हीच फुले भाजून, शिजवून किंवा पिठात मिसळून खाल्ली जात, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी गरीब घरांचा त्यांच्यावर मोठाच भार असे. याच फुलांचा काही भाग पाण्यात भिजत घालून आंबवायचा आणि मडक्यांच्या भट्टीवर गाळायचा, की दारू तयार होई. म्हणजे खाण्याचा आणि पिण्याचा साठा एकाच कणगीतून निघे. कणगीतली किती फुले जेवायला आणि किती गाळायला, हा निर्णय घरातल्या बाईच्या हाती असे. आजच्या मद्यधोरणाच्या चर्चेत हा मुद्दा फारसा कुणी काढत नाही, पण पुढे जे बिघडले त्याचे मूळ हा निर्णय तिच्या हातून गेला यातच आहे.

गोंडांच्या रिवाजात दारू एकट्याने, नुसती, उभ्याउभ्या पिण्याची गोष्ट नव्हती. पेर्सापेनसारख्या कुळदैवतांच्या पूजेत, सोयरीक ठरवताना, लग्नात, मृताच्या विधीत आधी दारूचे काही थेंब देवाला आणि पूर्वजांना वाहायचे, मग द्रोण फिरायचा. बळी दिलेल्या जनावराचे मांस शिजायचे आणि पत्रावळी मांडल्या जायच्या. दिवाळीच्या सुमारास दंडारीचे पथक नाचत दुसऱ्या गावी जाते, तेव्हा त्या पथकाला जेवू घालणे हे यजमान गावाचे कर्तव्य असते. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ १९४० नंतरच्या दशकात उटनूर भागातल्या मारलावाई गावात राहिले, आणि आदिलाबादच्या राजगोंडांवरचा त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये निघाला. त्यात या विधींची बारकाईने नोंद आहे आणि देवाचा भाग, भाऊबंदांचे जेवण व दारू ही त्यांत एकाच प्रसंगाची अंगे म्हणून येतात. या समाजात कुणी झिंगत नसे असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण पिण्याला निमित्त लागे, निमित्ताला जेवण लागे आणि जेवणाला माणसे लागत. रोज संध्याकाळी एकट्याने पिण्याची सोयच त्या रचनेत नव्हती.

ती सोय आबकारीने केली. हैदराबाद संस्थानचा आबकारी कायदा १३१६ फसलीचा, म्हणजे इसवी सन १९०६-०७ च्या सुमाराचा. त्याआधीपासून दारू आणि ताडी विकण्याचे हक्क लिलावाने, तिकडच्या बोलीत हर्रासाने, गुत्तेदाराला दिले जात. कायद्याने ही पद्धत पक्की केली आणि परवान्याशिवाय गाळणे हा गुन्हा ठरवला. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड होते. ते १८५३ मध्ये इंग्रजांकडे सोपवले गेले, १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने दिले गेले आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांतांना जोडले गेले. तिथे इंग्रजी अबकारी खाते होते. तत्त्व मात्र दोन्ही तीरांवर सारखेच होते: गाळण्याची जागा मर्यादित ठेवायची, विकण्याची जागा नेमून द्यायची आणि प्रत्येक बाटलीमागे सरकारचा वाटा वसूल करायचा. हैदराबाद संस्थानात आबकारी ही उत्पन्नाच्या मोठ्या बाबींपैकी एक होती.

या व्यवस्थेत जेवणाला जागा नव्हती, याची कारणे उघड आहेत. सरकारला मोजता येईल असा माल हवा होता. भाजी-भाकरी मोजण्याशी आबकारीच्या दारोग्याला देणेघेणे नव्हते. गुत्तेदाराने वर्षभराच्या हक्कासाठी मोठी रक्कम बोललेली असे आणि ती वसूल करायची तर गिऱ्हाईक लवकर पिऊन निघून जाणे आणि त्याच्या जागी दुसरे येणे फायद्याचे. जेवायला बसलेला माणूस जागा अडवतो. शिवाय पोट भरले की तो पेला पुढे सारतो, हे दारू विकणाऱ्याइतके कुणालाच ठाऊक नसते. दुकान चालवणारा कलाल बहुधा बाहेरचा, त्यामुळे जातिपातीच्या त्या काळात त्याच्या हातचे शिजवलेले अन्न कोण खाणार, हाही प्रश्न होता. दारूला विटाळाचे नियम सैल होते, अन्नाला नव्हते. अशा रीतीने दारूचे दुकान हे नुसत्या दारूचे दुकान झाले: एक कुडाची खोली, एक पिंप, एक माप आणि बाहेर ओटा.

मोहाच्या फुलाचे अन्न म्हणून असलेले स्थान या वसुलीच्या आड येत होते. त्याचा सगळ्यात उघड झगडा मुंबई इलाख्यात झाला. तिथे १८७८ चा अबकारी कायदा होताच. पण घरोघरी साठवलेल्या फुलांमुळे चोरटी दारू थांबत नाही, म्हणून सरकारने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांपुरता फुलांच्या साठ्यावरच निर्बंध आणणारा १८९२ चा मोहवा कायदा केला. हे गरिबांचे अन्न आहे, असा आक्षेप विरोधकांनी त्या वेळी घेतला होता. सरकारने फुलाकडे दारूचा कच्चा माल म्हणून पाहिले आणि तीच नजर पुढे सर्वत्र रूढ झाली. आदिलाबादच्या जंगलातही घरच्या भट्टीवर धाडी आणि गावच्या दुकानात विकत घेतलेली दारू अशी अदलाबदल झाली. सणाला लागणारी दारू आता उधारीवर येऊ लागली, आणि त्या उधारीत पीक अडकू लागले. जमीन, जंगल आणि सावकारी यांबद्दलचा जो असंतोष १९४० मध्ये जोडेघाटला गोंड पुढारी कुमुरम भीमच्या बंडात फुटला, त्याच्या मुख्य कारणांत दारू नव्हती. पण बाहेरच्या माणसाने गावात येऊन हक्क सांगणे हे जे त्या असंतोषाचे स्वरूप होते, त्यात दारूचा गुत्ताही बसत होता.

मैदानात, निर्मल-भैंसा-लक्सेट्टीपेटच्या बाजूला, ताडीने वेगळी वाट घेतली. तेलंगणात तिला कल्लू म्हणतात. ताडाची किंवा शिंदीची ताडी झाडावरून उतरली की काही तासांत आंबत जाते. ती साठवून ठेवता येत नाही, दूर पाठवता येत नाही. म्हणून ती झाडाजवळच, दिवसाढवळ्या, गावच्या माणसांत बसून प्यायची. ती काढणारा गौड समाज गावातलाच, झाडावरचा करही ठरलेला. कल्लूच्या आवाराला लागून उकडलेले हरभरे, तळलेले मुरुकुलू, मिरची लावलेले मटण आणि मासळी विकणाऱ्या बाया बसत आणि आजही बसतात. दारूच्या दुकानात जे घडले नाही ते इथे घडले याचे कारण ताडी सौम्य असते आणि ती पिताना माणूस तासभर रेंगाळतो. केरळातल्या ताडीच्या दुकानांची कीर्ती तर आज ताडीपेक्षा तिथल्या कप्पा आणि मीनकरीसाठीच अधिक आहे. तेलंगणात तितके झाले नाही. उलट, मागणीइतकी ताडी झाडे देईनाशी झाली तेव्हा पाण्यात क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम घालून केलेली बनावट कल्लू शहरांत पसरली. हैदराबाद शहरातली कल्लूची दुकाने २००४ मध्ये बंद केली गेली आणि २०१४ मध्ये, तेलंगणा राज्य झाल्यावर, पुन्हा उघडली.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले तरी आबकारीचा जुना कायदा तसाच राहिला. १९५६ मध्ये आंध्र प्रदेश झाला तेव्हा मद्रास इलाख्यातून आलेल्या आंध्र भागात १९३७ च्या मद्रास कायद्याची दारूबंदी होती आणि तेलंगणात मात्र खुली विक्री. एकाच राज्यात दोन कायदे बारा वर्षे चालले. १९६८ च्या आंध्र प्रदेश उत्पादन शुल्क कायद्याने तो घोळ मिटवला. आदिलाबादकरांना मात्र खरा फरक दिसे तो पैनगंगेपलीकडे. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा होता आणि १९५९ पासून तो विदर्भ-मराठवाड्यालाही लागू झाला. कालपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेली राजुरा आणि किनवटची गावे काही वर्षांत निजामाच्या आबकारीतून मोरारजी देसाईंच्या दारूबंदीत गेली. माणसे तीच, बाजार तोच, सोयरिकी दोन्हीकडे. फक्त बाटली एका बाजूला कायदेशीर आणि दुसऱ्या बाजूला चोरटी.

आदिलाबादमध्ये आज जी परमिट रूम दिसते, त्या नावाचा जन्म मुंबईच्या याच दारूबंदीतला. त्या काळी प्रकृतीच्या कारणाने किंवा परदेशी नागरिक म्हणून ज्यांना परवाना मिळे, त्यांनी इतरांच्या नजरेआड प्यावे यासाठी हॉटेलांत एक वेगळी, झाकलेली खोली असे. बाहेर कुटुंबे जेवत आणि आत परवानाधारक पीत. वसंतराव नाईक यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात (१९६३ ते १९७५) बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. ते पुसदचे, म्हणजे पैनगंगेच्याच खोऱ्यातले. १९७३ च्या नियमांनी देशी दारूची परवानाधारक दुकाने उभी राहिली आणि परमिट रूम ही हॉटेलातली खोली न राहता हॉटेलच परमिट रूम झाले. तेव्हापासून महाराष्ट्रात दोन दुनिया स्पष्ट आहेत. एफएल-तीन हा परवाना जेवणाच्या जागेला मिळतो. सीएल-तीन हा देशी दारूच्या दुकानाचा. तिथे लोखंडी जाळीमागून बाटली मिळते आणि फुटाणे, उकडलेली अंडी व भजी मिळतात ती बाहेरच्या गाडीवर.

या रचनेत जेवणाने एक नवेच काम पत्करले. बंदीच्या काळात पिणे लाजिरवाणे होते. त्याला अब्रू मिळाली ती तंदुरी कोंबडीच्या आडोशाने. ‘जेवायला गेलो होतो’ हे घरी सांगता येते. महामार्गावरच्या पाट्यांवर ‘फॅमिली रेस्टॉरंट’ हे शब्द मोठे आणि ‘परमिट रूम’ हे शब्द त्याखाली, ही मांडणी त्याच अब्रूची.

जेवणाचा असा आडोसा इतरत्रही घेतला गेला आहे. न्यूयॉर्क राज्यात १८९६ च्या रेन्स कायद्याने रविवारी फक्त हॉटेलांत आणि जेवणासोबतच दारू देण्याची मुभा ठेवली, तेव्हा तिथल्या गुत्तेवाल्यांनी माडीवर दहा खोल्या काढून स्वतःला हॉटेल म्हणवून घेतले आणि एकच शिळे सँडविच टेबलामागून टेबलावर फिरवले. २०२० च्या डिसेंबरात, कोविडच्या निर्बंधांत, इंग्लंडमध्ये ‘भरपेट जेवणा’सोबतच पबमध्ये दारू देण्याची अट आली, तेव्हा उकडलेल्या अंड्यावर खिम्याचे आवरण चढवून तळलेला स्कॉच एग हा पदार्थ जेवण ठरतो की नाही यावर मंत्र्यांना खुलासे करावे लागले. जेवणाची अट कागदावर घातली की जेवणाची नक्कल तयार होते, हा अनुभव जुना आहे.

इकडे आंध्र प्रदेशात गरिबाच्या दारूचे रूप बदलले. १९८० च्या दशकात वारुणी वाहिनी नावाच्या योजनेखाली सरकारी सारा, म्हणजे देशी दारू, प्लास्टिकच्या पुड्यांत भरून गावोगाव पोचवली जाऊ लागली. आंध्र प्रदेश बेव्हरेजेस कॉर्पोरेशन १९८६ मध्ये स्थापन झाले आणि घाऊक व्यापार सरकारच्या हाती आला. पिंप आणि माप गेले, पुडी आली. पुडीला दुकान लागत नाही, पेला लागत नाही आणि खाणे तर नाहीच. ती शेताच्या बांधावर दाताने फोडून रिचवता येते. आदिलाबादच्या आठवडी बाजारांतून, इंद्रवेल्ली, गुडिहत्नूर, इच्चोडा, उटनूर इथून गावी जाणाऱ्या बैलगाडीत मीठ-मिरचीच्या जोडीला ही पुडी आली. अन्नापासून दारू पूर्ण सुटी झाली ती या पुडीत.

तिच्याविरुद्धचा उठाव बायकांनी केला, आणि त्यांचे गाऱ्हाणे मुळात चुलीचे होते: मजुरी पुडीत जाते, चुलीवर काही चढत नाही. उत्तर तेलंगणात १९९० च्या आसपास पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाने साऱ्याच्या विक्रीविरुद्ध मोहीम चालवली होती. पण राज्यभर वणवा पेटला तो १९९२ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावातून. साक्षरता वर्गांत जमणाऱ्या बायकांनी, रोसम्मांच्या पुढाकाराने, साऱ्याचे दुकान बंद पाडले आणि गावामागून गाव उठले. १ ऑक्टोबर १९९३ पासून राज्यात साऱ्यावर बंदी आली. १९९४ ची निवडणूक एन. टी. रामाराव यांनी पूर्ण दारूबंदीच्या आश्वासनावर लढवली, आणि १६ जानेवारी १९९५ पासून ती अमलात आणली. पैनगंगेच्या दोन तीरांचे पारडे आता उलटे झाले: अलीकडे बंदी, पलीकडे केळापूर-पांढरकवड्याकडे परमिट रूम आणि देशीची दुकाने. चंद्राबाबू नायडूंच्या सरकारने महसुलाच्या ओढाताणीत १९९७ मध्ये बंदी उठवली. साऱ्यावरची बंदी मात्र राहिली, म्हणून कायदेशीर बाजारात स्वस्त दारू म्हणजे आता फक्त कारखान्यातली ‘विदेशी’ दारू.

आजची वाइन शॉपे या घटनाक्रमाची अपत्ये आहेत. २०१२ मध्ये लिलावाऐवजी चिठ्ठ्या टाकून परवाने देण्याची पद्धत आली. तेलंगणात दोन वर्षांसाठी सोडत निघते. २०२१ च्या धोरणापासून गौड समाजाला १५ टक्के, अनुसूचित जातींना १० टक्के आणि अनुसूचित जमातींना ५ टक्के दुकाने राखीव आहेत. राज्यभरातल्या २,६२० दुकानांसाठी २०२३ मध्ये एक लाखाहून जास्त अर्ज आले. त्या वेळी प्रत्येक अर्जाचे शुल्क दोन लाख रुपये होते आणि चिठ्ठी न निघाल्यास ते परत मिळत नसे, हे लक्षात घेतले तर दुकान उघडण्याआधीच सरकारची किती कमाई होते ते कळते. अशा दुकानाला वेगळे शुल्क भरून परमिट रूम जोडता येते. दुकानात बाटली छापील किमतीला मिळते, बारमध्ये तीच महाग. त्यामुळे ज्याला जेवण परवडत नाही तो परमिट रूममध्ये जातो, आणि तिथे जेवण नसते.

पोकळी मात्र फार काळ रिकामी राहत नाही. परमिट रूमच्या दारात हातगाडी उभी राहते. तिच्यावर मसाल्याचे शेंगदाणे, चण्याचे गुग्गिळ्ळू, तळलेले चिकन, कोंबडीची कलेजी-पेठा आणि अंड्याचे ऑम्लेट मिळते. मराठीत याला चकणा म्हणतात, हैदराबादी बोलीतही तेच. तमिळनाडूने ही हातगाडीच कायद्यात घेतली आहे: सरकारी टासमाक दुकान दारू विकते आणि शेजारच्या ‘बार’चा कंत्राटदार फक्त खाणे, पाणी आणि पेले विकतो, वर रिकाम्या बाटल्यांचा हक्कही त्याचाच. दारूचा नफा सरकारला, चकण्याचा कंत्राटदाराला. आदिलाबादला तसे औपचारिक कंत्राट नाही. हातगाडीवाला आणि दुकानदार यांच्यात समजुतीचा व्यवहार असतो.

चकणा म्हणजे जेवण नव्हे, हेही इथे नोंदवायला हवे. दारू मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात जाते. पोटात जेवण असेल तर ती तिथवर हळूहळू पोचते आणि रक्तातले तिचे प्रमाण एकदम चढत नाही. म्हणजे आधी जेवणे हितकारक. खारट-तिखट चकणा मात्र तहान वाढवतो आणि पुढचा पेग मागवतो. अमेरिकेतल्या जुन्या सलूनमध्ये खारवलेले मांस आणि चीज ‘फुकट’ वाढत ते याच हिशोबाने. विक्रेत्याला चकणा हवासा आणि जेवण नकोसे वाटते, याचे कारण इतकेच. दोन्हींना ‘खाणे’ म्हणून एकाच मापाने मोजणाऱ्यांची इथे गल्लत होते.

करांनी हा भेद आणखी वेगळ्या रीतीने कोरला आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, पण पिण्याची दारू त्यातून वगळली. बारमध्ये एकाच टेबलावरच्या बिलात जेवणावर जीएसटी आणि दारूवर राज्याचा व्हॅट अशा दोन ओळी येतात. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट पाच टक्क्यांवरून दहा टक्के केला, तेव्हा बसून पिणे महागले आणि बाटली घेऊन जाणे तुलनेने स्वस्त राहिले. दुकानाबाहेर, रस्त्याच्या कडेला किंवा गाडीत बसून पिण्याला याहून मोठे उत्तेजन असू शकत नाही.

महामार्गाचा प्रश्न याच सुमारास आला. नागपूर-हैदराबाद रस्ता, आजचा राष्ट्रीय महामार्ग ४४, पैनगंगा ओलांडून आदिलाबादेत शिरतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ च्या निकालात महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली आणि १ एप्रिल २०१७ पासून ती लागू झाली. २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी अंतर २२० मीटर ठरले. निकाल दुकानांपुरता नव्हता, बारलाही लागू होता. रस्त्यावर पिऊन गाडी चालवणाऱ्याने सोबत जेवण केले होते की नाही, याने अपघाताला फरक पडत नाही, त्यामुळे ते रास्तच. पुढे शहरांच्या हद्दीला सूट मिळाली आणि ढाबे तिथेच राहिले; ढाब्यावर जेवण कायदेशीर, दारू नाही, तरी बाहेरून आणलेली बाटली टेबलाखाली ठेवली की तिच्याबद्दल फारसे कुणी विचारत नाही.

सीमेवरचा झुला अजून थांबला नव्हता. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली. वर्धा १९७५ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून कोरडे होतेच. चंद्रपुरातल्या राजुऱ्याला ही दुसरी बंदी. या वेळी चोरटी दारू तेलंगणातून आणि यवतमाळमधून चंद्रपुरात जात राहिली, आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी मागे घेतली. मधल्या कोविडकाळात तेलंगणात दारूची दुकाने मे २०२० मध्येच उघडली, बार मात्र सप्टेंबरपर्यंत बंद राहिले. संसर्गाच्या दृष्टीने ते योग्य असेल. पण बाटली मिळेल आणि बसायची जागा मिळणार नाही, अशा त्या महिन्यांत पिणे घरात शिरले, तेही चुलीसमोर आणि मुलांसमोर.

डोंगरातल्या गावांत याच्या समांतर दुसरी हकीकत चालू आहे. तेलंगणा सरकारने २०१५ पासून गुडुंब्याविरुद्ध, म्हणजे गुळापासून गाळलेल्या चोरट्या दारूविरुद्ध, मोहीम काढली. अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला, म्हणजे गावाला तो काही अंशी परत मिळाला. मोहाचे फूल पुन्हा अन्न म्हणूनही दिसू लागले आहे: उटनूर भागातल्या आदिवासी महिलांच्या सहकारी संघाने मोहाचे लाडू करून विकायला सुरुवात केली, आणि मार्च २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये आदिलाबादच्या या महिलांच्या मोहाच्या पदार्थांचा उल्लेख झाला. ज्या फुलाच्या साठ्यावर इंग्रजांनी कायदा केला ते फूल सव्वाशे वर्षांनी डब्यात भरून मिठाई म्हणून विकले जात आहे.

जेवण आणि दारू एकत्र असावी की नाही, याचे आदिलाबादच्या इतिहासापुरते उत्तर असे निघते. जिथे दोन्ही एकत्र होती तिथे पिण्याला वेळ, माणसे आणि मर्यादा होती. जिथे ती एकमेकांपासून तोडली गेली तिथे तोडणाऱ्याचा हेतू पिणाऱ्याचे हित हा नव्हता. पण आज उपाहारगृहाची अट घातली आहे ती बारला, जिथला माणूस तसाही जेवून निघतो. परमिट रूममध्ये दिवसभर उपाशी राबलेला माणूस रिकाम्या पोटी पितो आणि अट तिथे नाही. अट ठेवायचीच असेल तर ती परमिट रूमला हवी, आणि तिथे चकण्याची नव्हे, भाकरी-आमटीची.